जागरण मुंबईच्या खोलीत करा, गाडीत नको

आधी पत्र, थोडं आखडून:

"माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या वर्षात त्याला तीनदा फिट आली. इथल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, आता चार महिने काही नाही. त्यांनीच पुढच्या तपासणीसाठी मुंबईला, परळला मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलंय. मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, त्यानंतर डॉक्टरांची भेट. आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागं ठेवा, असं हॉस्पिटलने कळवलंय. सासूबाई म्हणतात, एवढं जातोच आहोत तर सगळेच जाऊ, वणीच्या देवीचा नवसही फेडू. ह्यांचं म्हणणं, त्याला जागायचंच आहे तर सोमवारी रात्री जेवून निघू, सकाळी थेट हॉस्पिटल गाठू, एका रात्रीचं हॉटेल वाचेल. बुधवारी राणीची बाग, मग समुद्र, येताना वणी. गाडी पाच सीटची, माणसं सहा. धाकटा कुणाच्या तरी मांडीवर बसेल. मोठी मुलगी अकरा वर्षांची. ती फुगून बसलीय, कारण 'प्रत्येक सुट्टी ह्याच्यासाठीच'. मुलाला आम्ही फक्त पेंग्विन बघायला चाललोय असं सांगितलंय. कॉलनीतही तेच. मला धास्ती वाटते, पण बोलले की सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकणारी मीच ठरते. काय करू? – एक आई, लोकमान्य नगर, इंदूर"

ताई,

सहल जरूर करा. मुलाला फिट येते म्हणून घराने सुट्टीवर जायचंच नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. वणी, समुद्र, पेंग्विन, आजी-आजोबा, सगळं ह्या प्रवासात बसू शकतं. पण सोमवारी रात्री निघायचा बेत आजच मोडा. बाकी सगळ्यात थोडं इकडेतिकडे चालेल, ह्यात चालणार नाही.

तुमच्या यजमानांचा हिशेब वरवर बिनतोड आहे, म्हणूनच घरात कुणाला खोडता आला नसेल. तो कुठे फसतो ते बघा. डॉक्टर जागरण करायला सांगतात ते मुलाला तपासणीच्या टेबलावर झोप लागावी म्हणून. पेंग येताना आणि झोपेत मेंदूच्या लहरींमधला बिघाड पकडला जाण्याची शक्यता जास्त असते. आता सहा वर्षांचं पोर रात्री चालत्या गाडीत बसवा आणि जागं ठेवून दाखवा! राऊ ओलांडायच्या आत मान टाकेल आणि थेट मालेगावला डोळे उघडेल. सकाळी परळला पोचेपर्यंत टवटवीत. टेक्निशियन वायरी लावून बसून राहील आणि हा तिला पेंग्विनच्या गोष्टी सांगेल. तपासणी होईल, पण जी झोपेतली नोंद हवी होती ती मिळणार नाही, आणि पुन्हा तारीख घ्या.

समजा, तुम्ही गाणी म्हणून, चिमटे काढून त्याला जागं ठेवलंच. मग त्याहून वाईट. अपुरी झोप हे फिट येण्याचं नेहमीचं निमित्त आहे, हे तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं असेल. नऊला निघालात तर बारा-साडेबाराला तुम्ही सेंधव्यापुढच्या बिजासन घाटात, पुढे ट्रकांची रांग, मागे ट्रकांची रांग, आणि पोराची झोप मोडलेली. फिट येणार असेल तर ती कुठे येऊ नये, ह्याचं उत्तर म्हणजे नेमकी हीच जागा. शिवाय तिसरा माणूस विसरलात. दिवसभर ऑफिस करून सहाशे किलोमीटर गाडी हाकणारा तुमचा नवरा पहाटे पाचला कसाऱ्याच्या आसपास असेल. जागायला डॉक्टरांनी मुलाला सांगितलंय, त्याच्या बापाला नाही. हे वाक्य हवं तर माझ्या नावावर त्यांना ऐकवा.

तेव्हा रविवारी पहाटे निघा. साडेपाचला घर सोडलंत तर मानपूरचा घाट आणि पुढचा गणेश घाट उन्हाच्या आत उतरून होतो आणि आठच्या सुमारास खलघाटला नर्मदेवर पोचता. नाणं टाका, नर्मदे हर म्हणा, आणि गाडी बाजूला उभी करून सकाळचा डोस तिथेच द्या. घाटाआधी दिलेलं औषध वळणांवर उलटीतून बाहेर येतं, आणि मग पुन्हा द्यायचं की नाही ह्यावर गाडीत सहा मतं होतात. औषध दिल्यावर किती वेळात उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा, हे निघायच्या आधी इंदूरच्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. गाडी लागते म्हणून उलटीची गोळी किंवा सर्दीचं सिरप आपल्या मनाने देऊ नका. गुंगी आणणाऱ्या औषधांनी ईईजीतही घोळ होतो.

औषधाची बाटली डिकीत नको, डॅशबोर्डवर तर मुळीच नको. मे महिन्यात निमाडच्या उन्हात उभी गाडी आतून कशी तापते ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या पर्समध्ये एक बाटली, दुसऱ्या बॅगेत एक जादा, आणि मापाला झाकण नाही तर सिरिंज. चिठ्ठीची प्रत मोबाइलवरही ठेवा. मुंबईत औषध घ्यायची वेळ आलीच तर त्याच कंपनीचं मागा. "तेच आहे, फक्त नाव वेगळं" असं दुकानदार म्हणाला तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका.

दुपारचं जेवण धुळ्यात. पुढे चांदवडला हवं तर तासभर थांबा. रेणुकामातेचं देऊळ हमरस्त्यालाच आहे आणि अहिल्याबाईंचा रंगमहाल गावात. राजवाडा रोज बघणाऱ्या इंदूरच्या मुलांना होळकरांचा वाडा महाराष्ट्रातही आहे हे कळायला हरकत नाही. (उन्हाने पोरं वैतागली असतील तर सोडून द्या, अहिल्याबाई रागावणार नाहीत.) मुक्काम नाशिकला, आणि त्या रात्री मुलाला नेहमीच्या वेळी, पोटभर झोपू द्या. सोमवारी सकाळी निवांत निघा. आता समृद्धी महामार्ग इगतपुरीहून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झालाय, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. दुपारच्या जेवणाला दादर. खोली परळच्या जितकी जवळ मिळेल तितकी बरी. एक रात्र वाचवायला निघाला होतात, इथे दोन रात्रींचा खर्च वाढतोय हे खरं आहे. पण फुकट गेलेल्या ईईजीसाठी दुसऱ्यांदा इंदूर-मुंबई करण्यापेक्षा हा स्वस्त पडतो.

खोल्या ठरवायच्या आधी हॉस्पिटलला एक फोन करा. "उशिरापर्यंत जागं ठेवा" एवढ्याने भागत नाही. नेमकं किती वाजता झोपवायचं, किती वाजता उठवायचं, सकाळचा डोस द्यायचा का, नाश्ता द्यायचा का, आणि आदल्या दिवशी ताप आला तर काय. लहान मुलांना बहुतेक वेळा रात्रभर जागवत नाहीत, उशिरा झोपवून लवकर उठवतात. त्यांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय औषधाचा एकही डोस चुकवायचा नाही.

सोमवारी रात्री आजी-आजोबा सोबत असल्याचा खरा फायदा होईल. पाळ्या लावा. अकरापर्यंत आजोबांनी पत्ते खेळावेत, पुढे बाबांनी. तुम्ही नऊलाच झोपा, म्हणजे पहाटे तुम्ही ताज्या असाल. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद; जागवायला सोपं पडतं म्हणून कुणीतरी हळूच देईल, लक्ष ठेवा. संध्याकाळी शाम्पूने डोकं धुवा आणि तेलाचं बोटसुद्धा लावू नका. तेलकट टाळूवर ईईजीची बटणं नीट चिकटत नाहीत. सासूबाईंना हे आधीच सांगा, नाहीतर पोराला मुंबईची हवा बाधू नये म्हणून त्या मायेने चंपी करून ठेवतील. तपासणी झाल्यावर केसांत पांढऱ्या पेस्टचे गोळे राहतात. ते गरम पाण्याने धुऊन काढले की मग त्यांनी हवं तेवढं तेल जिरवावं.

सकाळी टॅक्सीत त्याच्या शेजारी बोलघेवडं माणूस बसवा. दादर ते परळ अंतर ते किती, पण जागरण वाया जायला दहा मिनिटांची डुलकीही पुरते.

आता पेंग्विनबद्दल. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, हे खरंच आहे. पण फक्त पेंग्विन बघायला चाललोय म्हणून नेलेलं मूल हॉस्पिटलच्या दारात उतरलं की त्याला दोन गोष्टी कळतात: आपल्याला काहीतरी भयंकर झालंय, आणि आई-बाबा खोटं बोलतात. पुढची कित्येक वर्षं तुम्हाला त्याला डॉक्टरांकडे न्यायचंय, तो विश्वास असा उधळू नका. आठवडाभर आधी सरळ सांगा: डॉक्टर तुझ्या डोक्यावर छोटी बटणं चिकटवतील, टोचणार नाहीत, दुखणार नाही, मशीनवर रेघा उमटतील. मध्येच एक दिवा लुकलुकेल. आणि तुला जोरजोरात फुंकर मारायला सांगतील. हा फुंकरीचा भाग महत्त्वाचा आहे, साधारण तीन मिनिटं सलग खोल श्वास घ्यायचे-सोडायचे असतात, आणि लहान मुलं दहाव्या श्वासाला कंटाळतात. घरी कागदाचं भिरभिरं करा, रोज संध्याकाळी त्याने ते थोडा वेळ फिरवत ठेवायचं. त्याच्या मोठ्या बहिणीने वेळ मोजायचा नाही, बाबांनी मोजावा. का ते पुढे सांगते. फुंकून फुंकून त्याला कसंतरी व्हायला लागलं किंवा तो गप्प होऊन टक लावून बघायला लागला, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. तेच भिरभिरं हॉस्पिटलात घेऊन जा. मग पेंग्विन आहेतच, पण पहिलं काम तपासणीचं.

बुधवारी मात्र नाही, कारण राणीची बाग बुधवारी बंद असते. बरं झालं म्हणायचं. मंगळवारी दुपारी तपासणी आणि डॉक्टर आटोपले की मूल जागरणाने गळालेलं असेल. त्या दिवशी काहीही ठरवू नका. खोलीवर जा, डोकं धुवा, झोपू द्या, रात्री वरणभात. बुधवारी सकाळीही त्याच्या तब्येतीने उठू द्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चौपाटी, आणि ही चौपाटी तुमच्या मुलीची.

तिच्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण मी ती पुन्हा पुन्हा वाचली. अकरा वर्षांची मुलगी "प्रत्येक सुट्टी ह्याच्यासाठीच" म्हणते तेव्हा ती मत्सराने बोलत नाही, ती खरं तेच सांगते. भावाला फिट आली तेव्हा ती घरातच असेल ना? तिला कुणी बसवून समजावलंय का? की "तू आत जा" एवढंच? ह्या मुलांच्या मनात काय काय असतं: आपण त्याला ढकललं म्हणून झालं, आपल्यालाही होईल, तो मरेल. तिला सांगा की अपस्मार, म्हणजे हा फिटचा आजार, संसर्गाने होत नाही आणि तिच्यामुळे झालेला नाही. आणि तिला भावाची पहारेकरी करू नका. म्हणूनच भिरभिऱ्याचा वेळ तिने मोजायचा नाही, गाडीत त्याच्या शेजारी लक्ष ठेवायला तिने बसायचं नाही. बुधवारी संध्याकाळी तुमच्या दोघांपैकी एकाने फक्त तिच्यासोबत पाण्यात उतरावं, भेळ तिच्या आवडीची, आणि त्या तासात भावाचा विषय काढायचा नाही. तो आजोबांबरोबर वाळूत किल्ला करील. पाण्यात गेलाच तर मोठ्या माणसाचा हात सुटता कामा नये, घोटाभर पाण्यातही. नाशिकला रामकुंडावर गेलात तर तिथेही हेच.

गुरुवारी सकाळी पेंग्विन, दुपारी नाशिक. शुक्रवारी वणी. सासूबाईंचा नवस मी मधे घालत नाही, शेवटी ठेवते, आणि त्यांना तसं सांगताना "आधी देवी मग डॉक्टर" असा सामना लावू नका. तपासणी व्यवस्थित पार पडल्यावर देवीला सांगायला जाऊ, असं म्हणा. त्या नक्की मानतील. गडावर ट्रॉलीची सोय आहे, मे महिन्याच्या उन्हात नातवाला पायऱ्या चढवायचा हट्ट कुणी धरू नये. उपास तर त्याला मुळीच घडू देऊ नका. एक बोलणं मात्र गडावर जायच्या आधी व्हायला हवं. चार महिने फिट नाही आणि उद्या ईईजीही नॉर्मल आला तर "देवीने बरं केलं, आता कशाला औषध" हे घरात कुणीतरी म्हणेलच. ईईजी नॉर्मल आला म्हणजे आजार गेला असं होत नाही. तपासणीच्या वेळी लहरी शांत होत्या, एवढाच त्याचा अर्थ. साधारणपणे दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर औषध कमी करायचा विचार करतात, तेही हळूहळू. एकदम बंद केलं तर जोरात फिट येऊ शकते. हे तुम्ही सांगितलंत तर सुनेचा आगाऊपणा ठरेल, म्हणून मंगळवारी डॉक्टरांच्या खोलीत सासूबाईंना शेवटची पाच मिनिटं आत बोलवा आणि त्यांच्या देखत विचारा. बाकी वेळ आत फक्त तुम्ही दोघं.

त्या भेटीत उपयोगी पडेल ते सांगते. फिट चालू असतानाचा व्हिडिओ कुणी काढला असेल तर तो दहा पानांच्या वर्णनापेक्षा मोलाचा. नसेल तर आठवून लिहा: कुठला हात आधी, डोळे कुठल्या बाजूला, किती वेळ, झोपेत की जागेपणी, नंतर किती वेळ सुस्त. जुन्या एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्मही घ्या. प्रश्न कागदावर लिहून न्या, पहिला शाळेचा ठेवा.

गाडीबद्दल. पाच सीटच्या गाडीत सहा माणसं आणि तेही फिट येणारं मूल मांडीवर, हे मला मान्य नाही. कायद्यालाही नाही: २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कुणाच्याच हातात राहत नाही. सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या. मग तुमचे यजमान मागच्या सीटवर मुलाजवळ बसू शकतात, आणि त्यांनाही सुट्टी मिळते. खर्च झेपत नसेल तर आजी-आजोबांना अवंतिका एक्स्प्रेसने पाठवा, मुंबईत भेटा. परतीला वणी होणार नाही, पण ती दिवाळीतही होईल.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना, ड्रायव्हरलाही, एकत्र बसवून सांगा, फिट आली तर काय. गाडी डावीकडे सुरक्षित जागी घ्यायची, इंडिकेटर लावायचे. मुलाला कुशीवर वळवायचं, लाळ बाहेर येऊ द्यायची, गळ्याजवळचं बटण सोडायचं. घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल दोन्ही जागच्या जागी राहू द्यायची. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच दुसरी आली, तर डॉक्टरांनी दिला असेल तो नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे, आणि जवळचं हॉस्पिटल. दिलेला नसेल तर निघायच्या आधी विचारून घ्या, आणि तो कुणी मारायचा हेही ठरवा. रुग्णवाहिकेचा १०८ मध्य प्रदेशातही चालतो आणि महाराष्ट्रातही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. फिट थांबल्यावर मूल बराच वेळ झोपेत असतं, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा घोटही नाही.

कॉलनीचं म्हणाल तर, सगळ्यांना सांगायलाच हवं असं नाही. शेजारणीला पेंग्विनच सांगा. पण जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षिकेला हे कागदोपत्री द्या, शक्यतो डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मंगळवारी ती चिठ्ठी मागायला विसरू नका, परत आल्यावर फोनवर मिळवायला फार त्रास पडतो.